रेडिओ नियंत्रित प्रतिकृती हेलिकॉप्टर

रेडिओ नियंत्रित प्रतिकृती हेलिकॉप्टर म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाने रेडिओलहरींच्या साहाय्याने उडवायचे लहान आकाराचे हेलिकॉप्टर होय. अशी हेलिकॉप्टरे सुट्या भागांपासून जोडणे, त्यांची सूक्ष्म जुळणी करणे आणि ती कौशल्याने उडवणे हा जगातील अनेक देशांत जोपासला जाणारा एक तांत्रिक छंद आहे. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या उडत्या खेळण्यांपेक्षा ही प्रतिकृती वेगळी असते. मनुष्यवाहू हेलिकॉप्टरातील मुख्य रोटर, शेपटीचा रोटर, पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा असे सर्व महत्त्वाचे भाग तिच्यात लहान प्रमाणात, पण पूर्णपणे कार्यक्षम स्वरूपात असतात. त्यामुळे या छंदात यंत्रशास्त्र, वायुगतिकी आणि इलेक्ट्रॉनिकी या तिन्ही विषयांचे प्रात्यक्षिक ज्ञान मिळते. मोठ्या प्रतिकृतीची पाती अतिशय वेगाने फिरत असल्याने ती धोकादायकही ठरू शकते. म्हणून सुरक्षेचे नियम या छंदाचा अविभाज्य भाग मानले जातात.

इतिहास

हेलिकॉप्टर आणि त्याची प्रतिकृती यांचे नाते जुने आहे. अमेरिकेतील आर्थर यंग यांनी पेनसिल्व्हेनियातील पाओली येथे लहान प्रतिकृतींवर प्रयोग करून हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारा दांडा विकसित केला. १९४१ मध्ये त्यांनी विजेच्या मोटरवर चालणाऱ्या प्रतिकृतीचे प्रात्यक्षिक बेल कंपनीला दाखवले. त्यातूनच पुढे ‘बेल ४७’ हे हेलिकॉप्टर घडले. ८ मार्च १९४६ रोजी त्याला नागरी वापरासाठीचे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारे ते पहिले हेलिकॉप्टर होते. म्हणजे या प्रकरणात मोठ्या यंत्राच्या आधी प्रतिकृती उडाली होती.

रेडिओने नियंत्रित होणारी विमाने त्यानंतरच्या काळात छंद म्हणून रूढ झाली. परंतु हेलिकॉप्टर मात्र अनेक वर्षे हौशी कारागिरांना दाद देत नव्हते. विमानाला पंखांमुळे काही प्रमाणात अंगभूत स्थिरता असते, हेलिकॉप्टरला ती जवळजवळ नसते. जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही अडचण दूर केली. त्यांनी रोटरच्या मथळ्यावर दोन्ही टोकांना छोटे पंख असलेला आडवा दांडा बसवला. ही कल्पना अमेरिकी हेलिकॉप्टर-निर्माते स्टॅन्ली हिलर यांच्या रचनेवर आधारलेली होती. १९७० मध्ये श्ल्यूटर यांनी ‘ह्यूई कोब्रा’ या लष्करी हेलिकॉप्टराच्या प्रतिकृतीने जवळजवळ २८ मिनिटे सलग उड्डाण करून विक्रम नोंदवला. पुढे याच प्रतिकृतीचा सुट्या भागांचा संच बाजारात आला आणि छंदाची पायाभरणी झाली.

सुरुवातीच्या बऱ्याच प्रतिकृतींत मुख्य पात्यांचा कोन कायम असे आणि वर-खाली जाण्यासाठी इंजिनाचा वेग कमी-जास्त करावा लागे. इंजिनाचा प्रतिसाद यायला वेळ लागत असल्याने उड्डाण अवघड होई. पात्यांचा कोन उड्डाणात बदलता येणारी रचना रूढ झाल्यावर नियंत्रण बरेच सुधारले. हिरोबो, काल्ट आणि क्योशो या जपानी कंपन्यांनी अचूक घडणीचे संच उपलब्ध करून दिले. शेपटी स्थिर ठेवण्यासाठी आधी यांत्रिक आणि नंतर इलेक्ट्रॉनिक जायरोस्कोप आले. २००० नंतरच्या दशकात लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर यांच्यामुळे विजेवरील हेलिकॉप्टरे सामर्थ्यवान झाली. तैवानमधील अलाइन कंपनीच्या ‘टी-रेक्स ४५०’ सारख्या लहान संचांमुळे हा खर्चिक छंद अधिक लोकांच्या आवाक्यात आला.

उड्डाणाचे तत्त्व

हेलिकॉप्टराचे प्रत्येक पाते म्हणजे फिरणारा पंखच असतो. पाते हवेत किंचित तिरपे धरून फिरवले की ते हवा खाली ढकलते आणि प्रतिक्रिया म्हणून हेलिकॉप्टरावर वरच्या दिशेने बल लागते. हे बल वजनाइतके झाले की हेलिकॉप्टर एका जागी तरंगते. या स्थितीला ‘हॉव्हर’ म्हणतात.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार इंजिन किंवा मोटर रोटरला ज्या दिशेने फिरवते, त्याच्या विरुद्ध दिशेने हेलिकॉप्टराचे धड फिरू पाहते. हे परिबल निष्फळ करण्यासाठी शेपटीच्या टोकाला उभा लहान रोटर बसवलेला असतो. त्याच्या पात्यांचा कोन बदलून धडाचे तोंड डावी-उजवीकडे वळवता येते. मुख्य रोटरवरील भार वाढला की परिबलही वाढते. म्हणून हेलिकॉप्टर वर नेताना शेपटीच्या रोटरचा जोर त्याच क्षणी वाढवावा लागतो.

पुढे जाण्यासाठी रोटरची संपूर्ण चकती पुढे कलवावी लागते. त्यासाठी फेऱ्याच्या एका बाजूला पात्याचा कोन वाढतो आणि समोरच्या बाजूला तेवढाच कमी होतो. येथे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. फिरत्या वस्तूवर बल लावले असता तिचा परिणाम सुमारे ९० अंश पुढे दिसतो. म्हणून चकती पुढे झुकावी यासाठी कोनातील बदल समोर किंवा मागे न करता बाजूंना करावा लागतो. हेलिकॉप्टराच्या यांत्रिक जोडण्यांमध्ये ही तजवीज आधीच केलेली असते. त्यामुळे चालकाने दांडी पुढे ढकलली की हेलिकॉप्टर पुढेच जाते.

रचना

प्रतिकृतीचा सांगाडा सामान्यतः कार्बन तंतूंच्या पत्र्यांचा व अ‍ॅल्युमिनियमच्या भागांचा असतो. मोटरच्या आसावरील लहान दातेरी चाक मुख्य चाकाला फिरवते आणि त्यातून मुख्य आस व रोटर फिरतात. शेपटीच्या रोटरपर्यंत शक्ती पोचवण्यासाठी दातेरी पट्टा किंवा नळीतून जाणारा लांब दांडा वापरतात. मुख्य चाकात एकाच दिशेने पकड घेणारे बेअरिंग असते. सायकलच्या मागच्या चाकातील फ्रीव्हीलप्रमाणेच त्याचे कार्य असते: मोटर थांबली तरी रोटर मोकळेपणाने फिरत राहतो.

स्वॉशप्लेट हा या यंत्रातील सर्वांत कल्पक भाग होय. ती मुख्य आसाभोवती बसवलेल्या दोन कड्यांची बनलेली असते. खालचे कडे फिरत नाही, पण कोणत्याही बाजूला कलू शकते. वरचे कडे रोटरबरोबर फिरते आणि खालच्या कड्याचा कल तंतोतंत स्वीकारते. वरच्या कड्यापासून निघालेल्या दांड्या पात्यांच्या पकडींना जोडलेल्या असतात. संपूर्ण स्वॉशप्लेट वर-खाली सरकली की सर्व पात्यांचा कोन एकसारखा बदलतो. याला ‘कलेक्टिव्ह’ नियंत्रण म्हणतात. ती एका बाजूला कलली की प्रत्येक पात्याचा कोन दर फेऱ्यात कमी-जास्त होतो. याला ‘सायक्लिक’ नियंत्रण म्हणतात. आजच्या बहुतेक प्रतिकृतींत १२० अंशांच्या अंतरावर बसवलेले तीन सर्व्हो मिळून ही दोन्ही कामे करतात, तर चौथा सर्व्हो शेपटीसाठी असतो.

पूर्वीच्या प्रतिकृतींत मुख्य पात्यांना काटकोनात ‘फ्लायबार’ नावाचा दांडा असे. तो रोटरच्या कलातील अचानक बदलांना विरोध करून यंत्र स्थिर ठेवी. आता त्याची जागा तीन अक्षांवरील हालचाल मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतली आहे. फ्लायबार काढून टाकल्याने हवेचा रोध आणि भागांची संख्या कमी झाली. मात्र संवेदकाच्या मांडणीत दिशा चुकीची नोंदवली गेली, तर हेलिकॉप्टर उड्डाणाच्या पहिल्याच क्षणी उलटते.

आकार आणि शक्तिस्रोत

प्रतिकृतींचे वर्ग साधारणपणे मुख्य पात्याच्या लांबीशी निगडित आकड्यांनी ओळखले जातात. ४५० वर्गातील पाते सुमारे ३२५ मिलिमीटर लांब असते. ७०० वर्गात ही लांबी सुमारे ७०० मिलिमीटर आणि रोटरचा व्यास दीड मीटरहून अधिक असतो. अशा मोठ्या प्रतिकृतीचे वजन पाच किलोग्रॅमच्या आसपास भरते. मोठे हेलिकॉप्टर वाऱ्यात अधिक स्थिर राहते आणि दुरून स्पष्ट दिसते. पण अपघात झाल्यास त्याचा खर्च आणि धोका दोन्ही जास्त असतात.

शक्तिस्रोत म्हणून मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांच्या मिश्रणावर चालणारी इंजिने दीर्घकाळ वापरात होती. आता विजेवरील प्रतिकृतींचे प्रमाण अधिक आहे. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भारित अवस्थेत ४.२ व्होल्ट असतो. सहा घटांची बॅटरी म्हणूनच २२.२ व्होल्टची समजली जाते.

रोटरचा वेग साध्या गणिताने काढता येतो. समजा, एका मोटरचा वेग प्रत्येक व्होल्टमागे मिनिटाला १,२०० फेरे इतका आहे. २२.२ व्होल्ट दिल्यास ती सुमारे २६,६४० फेरे करील. लहान व मोठ्या दातेरी चाकांचे गुणोत्तर १:१० असेल, तर रोटर मिनिटाला सुमारे २,६६० फेरे करील. प्रत्यक्षात भार असल्याने हा आकडा काहीसा कमी येतो. हे गणित न मांडता मोटर व चाके निवडल्यास पात्यांवर त्यांच्या क्षमतेबाहेरचा ताण येऊ शकतो.

जोडणी व जुळणी

संचातील भाग जोडताना घाई टाळणे आवश्यक असते. उड्डाणात सतत कंपने होत असल्याने धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला आटे घट्ट धरणारा द्रव लावतात. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला मात्र तो लावत नाहीत, कारण त्याने काही प्रकारचे प्लॅस्टिक ठिसूळ होते. मोटरचे लहान चाक आणि मुख्य चाक यांच्यात किती फट असावी हे ठरवण्यासाठी अनेक जण दोहोंच्या मध्ये कागदाची पातळ पट्टी धरून चाके जुळवतात व नंतर ती काढून घेतात. फट फार कमी असेल तर चाके तापतात, फार जास्त असेल तर दाते झिजतात किंवा तुटतात.

त्यानंतर सर्व्होंच्या भुजा मध्यबिंदूवर काटकोनात बसवणे, स्वॉशप्लेट समतल करणे आणि कोनमापकाने पात्यांचे कोन तपासणे ही कामे येतात. तरंगत्या स्थितीसाठी पात्यांना सुमारे ५ ते ६ अंशांचा कोन लागतो. कसरतींसाठी तो धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंना १० ते १२ अंशांपर्यंत ठेवतात, म्हणजे उलटे झालेले हेलिकॉप्टरही हवेत टिकून राहते. दोन्ही पात्यांचे वजन व गुरुत्वमध्य समान असणे अत्यावश्यक असते. तसेच संपूर्ण हेलिकॉप्टराचा गुरुत्वमध्य मुख्य आसाच्या रेषेत यावा लागतो. यासाठी बॅटरी पुढे-मागे सरकवतात.

शेवटी ‘ट्रॅकिंग’ तपासतात. फिरताना दोन्ही पात्यांची टोके एकाच प्रतलात दिसली पाहिजेत. एका पात्याच्या टोकाला रंगीत पट्टी चिकटवली की कोणते पाते वर किंवा खाली जाते हे सुरक्षित अंतरावरून ओळखता येते आणि त्याची दांडी थोडी फिरवून दोष काढता येतो.

उड्डाण शिकणे

चालकाच्या हातातील प्रेषकावर दोन दांड्या असतात. ‘मोड २’ पद्धतीत डाव्या दांडीने वर-खाली जाणे आणि शेपटी वळवणे, तर उजव्या दांडीने पुढे-मागे व बाजूंना कलणे ही कामे होतात. ‘मोड १’ पद्धतीत वर-खाली जाण्याचे नियंत्रण उजव्या हाताला असते. पूर्वी प्रत्येक प्रेषकासाठी ठरावीक वारंवारतेचा स्फटिक लागे आणि दोन चालकांनी एकच वारंवारता वापरल्यास हेलिकॉप्टर कोसळे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील संकेतबद्ध प्रणालींमुळे ही अडचण जवळजवळ संपली आहे.

शिकण्याची सुरुवात संगणकावरील आभासी उड्डाणाने करणे श्रेयस्कर ठरते. तेथे कोसळलेले हेलिकॉप्टर एक कळ दाबताच पुन्हा उभे राहते. मैदानावर पहिला टप्पा म्हणजे शेपटी चालकाकडे ठेवून तरंगणे. यात डावे-उजवे चालकाच्या डाव्या-उजव्याशी जुळते. त्यानंतर हेलिकॉप्टराची बाजू आणि शेवटी त्याचे तोंड चालकाकडे ठेवून तरंगण्याचा सराव करतात. तोंड चालकाकडे असताना डावे-उजवे उलटे होते. विचार करून दांडी हलवण्याइतका वेळ मिळत नसल्याने हाताला ती सवयच लागावी लागते. या टप्प्यावर अनेक जणांचे पहिले अपघात होतात. हे तिन्ही प्रकार जमल्यावर गोलाकार व इंग्रजी आठाच्या आकाराची उड्डाणे शिकवली जातात.

सरळ खाली वेगाने उतरणे शिकाऊ चालकाने टाळायचे असते. अशा वेळी रोटर स्वतःच खाली ढकललेल्या खळबळत्या हवेत सापडतो आणि शक्ती वाढवूनही उतरणे थांबत नाही. त्यातून सुटण्यासाठी हेलिकॉप्टर पुढे नेऊन स्वच्छ हवेत आणावे लागते.

शक्तिस्रोत बंद पडल्यावर सुखरूप उतरण्याच्या तंत्राला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. मोटर थांबताच चालक पात्यांचा कोन कमी करतो. खाली येताना तळाकडून वर वाहणारी हवा रोटरला फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की कोन पुन्हा वाढवला जातो आणि रोटरमध्ये साठलेली गतिज ऊर्जा वापरून हेलिकॉप्टर हळुवार टेकवले जाते. ही ऊर्जा एकदाच वापरता येते. कोन फार लवकर वाढवला तर ती उंचावरच संपते, फार उशिरा वाढवला तर आघात होतो. मनुष्यवाहू हेलिकॉप्टराचे वैमानिकही हेच तंत्र शिकतात.

स्पर्धा

फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वर्गीकरणात ‘एफ३सी’ हा रेडिओ नियंत्रित हेलिकॉप्टरांच्या अचूक कसरतींचा वर्ग आहे. त्यात ठरवून दिलेल्या आकृती किती काटेकोरपणे काढल्या यावर गुण दिले जातात. ‘एफ३एन’ या वर्गात मुक्त कसरतींना वाव असतो. उलटे तरंगणे, शेपटी खाली ठेवून गोल फिरणे अशा कसरतींना ‘थ्रीडी’ उड्डाण म्हणतात. ही शैली विकसित करणाऱ्यांत अमेरिकेतील कर्टिस यंगब्लड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मूळ हेलिकॉप्टराच्या बाह्यरूपाची हुबेहूब प्रतिकृती घडवून संथपणे उडवणारा छंदिष्टांचा वेगळा गटही आहे.

सुरक्षा

७०० वर्गातील रोटरची त्रिज्या सुमारे ०.७९ मीटर असते. तो मिनिटाला २,००० फेरे करीत असल्यास पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १६५ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ६०० किलोमीटर होतो. या वेगाने फिरणारे कार्बनचे पाते प्राणघातक इजा करू शकते. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील कॅल्व्हर्ट वॉ पार्क येथे १९ वर्षांचा एक तरुण आपलेच हेलिकॉप्टर उडवत असताना पात्याचा आघात होऊन मरण पावला. तो अननुभवी चालक नव्हता. अनुभवामुळे अंतर राखण्याची गरज संपत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

सर्वसाधारणपणे पुढील नियम पाळले जातात. प्रेषक आधी चालू करतात आणि सर्वांत शेवटी बंद करतात. हेलिकॉप्टर उचलताना किंवा बॅटरी जोडताना मोटर बंद ठेवणारी कळ लावलेली असते. प्रेक्षक चालकाच्या मागे उभे राहतात आणि हेलिकॉप्टर त्यांच्या किंवा स्वतःच्या डोक्यावरून नेले जात नाही. रेडिओसंपर्क तुटल्यास मोटर आपोआप थांबेल अशी व्यवस्था उड्डाणापूर्वी तपासली जाते. जमिनीवर आदळलेली पाती वरून धड दिसली तरी पुन्हा वापरत नाहीत, कारण आतील भेग डोळ्यांना दिसत नाही.

लिथियम-पॉलिमर बॅटरीबाबतही दक्षता लागते. भोसकली गेलेली, फुगलेली किंवा प्रमाणाबाहेर भारित केलेली बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून ती जळाऊ वस्तूंपासून दूर आणि नजरेसमोर भारित करतात, तर साठवणीसाठी प्रत्येक घटाचा दाब सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवतात.

भारतातील नियम

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत प्रतिकृतींची स्वतंत्र व्याख्या आहे. २५ किलोग्रॅमपर्यंत वजनाची, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणूक यांसाठीच वापरली जाणारी आणि चालकाच्या दृष्टिक्षेपात उडवली जाणारी दूरनियंत्रित विमानप्रणाली या व्याख्येत बसते. अशा प्रतिकृतीला प्रकार-प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग पाडलेले आहेत. हिरव्या भागात सामान्यतः ४०० फूट उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या भागासाठी हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर लाल भागासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. कोणते ठिकाण कोणत्या भागात येते हे ‘डिजिटल स्काय’ या शासकीय नकाशावर पाहता येते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृती बांधणे व उडवणे हा प्रशिक्षणाचा भाग असल्याने महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांचा या क्षेत्राशी पहिला परिचय तेथे होतो.

महत्त्व आणि सद्यःस्थिती

प्रतिकृती हेलिकॉप्टरांच्या तंत्राचा उपयोग छंदापलीकडेही झाला आहे. जपानमधील यामाहा कंपनीने १९८७ मध्ये भातशेतीवर फवारणी करण्यासाठी ‘आर-५०’ हे चालकविरहित हेलिकॉप्टर तयार केले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पीटर अ‍ॅबील व अँड्र्यू एंग यांच्या गटाने निष्णात चालकाच्या उड्डाणांच्या नोंदींवरून संगणकाला कसरती शिकवल्या. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टराचे वस्तुमान १.८ किलोग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या प्रतिकृतीएवढेच होते. त्यातही पात्यांचा कोन स्वॉशप्लेटनेच बदलला जात असे.

चार रोटरांच्या ड्रोनचा प्रसार झाल्यापासून नवोदितांचा ओढा तिकडे वळला आहे. ड्रोनमध्ये पात्यांचा कोन कायम असतो, केवळ मोटरांचे वेग बदलतात आणि तोल संगणक सांभाळतो. त्यामुळे ते शिकायला सोपे, दुरुस्तीला स्वस्त आणि छायाचित्रणाला उपयुक्त ठरते. मात्र मोटर बंद पडल्यास त्याला ऑटोरोटेशन करता येत नाही. हेलिकॉप्टराची जोडणी व उड्डाण यांना जास्त वेळ, पैसा आणि चिकाटी लागते. पण कोन, परिबल, समतोल आणि ऊर्जा या पाठ्यपुस्तकातील संकल्पना परस्परांशी कशा जोडलेल्या असतात हे आपल्या हातांनी पडताळण्याची संधी त्यातून मिळते, आणि म्हणूनच अभ्यासकांच्या दृष्टीने या छंदाचे शैक्षणिक मूल्य टिकून आहे.